काम इथलं, बिऱ्हाड परदेशात: त्या व्हिसाला काय लागतं?

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत बचत गटांचं काम पाहणाऱ्या सहयोगिनी. एरवी आम्ही शेळीपालन, पापड, बँकेचा हप्ता यावर बोलतो. आजचा विषय जरा लांबचा वाटेल, पण हल्ली बैठकीत तो सारखा निघतो. "ताई, लेक घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. मग तेच काम ती परदेशात राहून करू शकते का? त्याचा म्हणे वेगळा व्हिसा निघालाय."

निघालाय, हे खरं आहे. आपल्याकडच्या कितीतरी मुली लातूरला बारावी करून, नांदेडला इंजिनिअरिंग करून पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत लागल्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आल्या, आणि काहींचं काम अजूनही ओसरीवर बसूनच चालतं. त्याच साली युरोपातल्या एस्टोनिया नावाच्या लहानशा देशानं असा व्हिसा सुरू केला. मागून पोर्तुगाल, स्पेन, दुबई, मलेशिया, थायलंड असे बरेच देश आले. इंग्रजीत त्याला डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात. नोमॅड म्हणजे भटका. आपल्याकडे पालं पडली की भटक्यांची नावं चौकीत लिहून घ्यायचे. तिकडं पगारदार भटक्याला पायघड्या आहेत, एवढाच काय तो फरक.

आता हा व्हिसा म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथंच होते. ऊसतोडीला जाताना मुकादम उचल देतो, कारखाना काम देतो आणि आपण बिऱ्हाड घेऊन जातो. परदेशातली नोकरी बरीचशी तशीच: मालक तिकडचा, काम तिकडचं. या व्हिसात तसं नाही. समजा, तुम्ही शिलाईचं काम करता, पुण्याच्या दुकानाची ऑर्डर तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही मशीन उचलून बहिणीच्या गावी राहायला गेलात. गिऱ्हाईक तेच, मजुरी तीच, फक्त पत्ता बदलला. हा व्हिसा तसा आहे. तिथला देश म्हणतो, आमच्याकडे या, राहा, खर्च करा, पण आमच्या लोकांची नोकरी मागू नका. म्हणून "हा व्हिसा काढून देतो, तिकडं गेल्यावर काम लावून देतो" असं जो सांगतो, तो खोटं बोलतो. हातात काम असल्याशिवाय हा व्हिसा मिळतच नाही.

आणि काम असून भागत नाही, कमाईही तेवढी लागते. आकडे ऐकून घ्या. दुबईच्या एक वर्षाच्या व्हिसाला महिन्याला 3,500 डॉलर पगार दाखवावा लागतो, म्हणजे आपले 3 लाखांच्या आसपास. मलेशियात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्यांना वर्षाला 24,000 डॉलर, म्हणजे 20 लाखांहून जास्त. पोर्तुगालला त्यांच्या किमान वेतनाच्या चौपट. थायलंडनं 2024 साली सुरू केलेल्या व्हिसाला खात्यात 5 लाख बाट शिल्लक लागते, तेही आपले दहा-बारा लाखांच्या वरच जातात. हे आकडे आणि नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहायचे. मोबाइलवर आलेला फॉरवर्ड मेसेज धरायचा नाही.

म्हणजे पंधरा-वीस हजार पगार असलेल्या मुलीला आज हा रस्ता बंद आहे. हे आम्ही तोंडावर सांगतो, आणि बऱ्याच जणींना राग येतो. लोहा तालुक्यातल्या एका गटात एका ताईनं दीड लाखाचं कर्ज मागितलं होतं. लेक नांदेडला डेटा एन्ट्री करायची, पगार 14 हजार. एजंटनं सांगितलं होतं की रिमोट व्हिसा आहे, आधी पैसे भरा. आम्ही म्हटलं, कागद दाखवा. कागद आला, तो होता तीस दिवसांच्या पर्यटन व्हिसाचा अर्ज. ताई म्हणाली, "तुमच्या लेकी शिकल्या असत्या तर तुम्ही असं केलं असतं का?" सगळ्या गप्प झाल्या. खूप वेळ बोलणं झालं. शेवटी ठराव असा झाला की पासपोर्टसाठी आणि पुढच्या कोर्ससाठी गट कर्ज देईल, एजंटसाठी देणार नाही. ताई पुढच्या दोन बैठकांना आली नाही. मुलगी मात्र आली, आणि कोर्सचा पहिला हप्ता घेऊन गेली.

ज्यांची कमाई त्या आकड्याजवळ आहे, त्यांचं कुठं अडतं? आमच्या पाहण्यात तीन जागी.

पहिली जागा पासबुक. मागच्या काही महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट मागतात, आणि पगार अर्ज करणारीच्याच खात्यावर आलेला दिसावा लागतो. आपल्याकडे चांगली कमावती सून असते आणि पगार पडतो नवऱ्याबरोबरच्या जोडखात्यावर, किंवा तो त्याच दिवशी सासऱ्याच्या खात्यावर वळता होतो. अशा वेळी तिची कमाई कागदावर सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. घरातल्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण व्हिसा देणारा अधिकारी हेतू पाहत नाही, नोंद पाहतो. स्वतंत्र कामं घेणाऱ्या मुलींनी प्रत्येक कामाचा करार आणि बिल जपावं, पैसे बँकेतच घ्यावेत आणि आयकर विवरणपत्र दर वर्षी भरावं. गटाचं दप्तर आपण जसं लिहितो, तसंच.

दुसरी जागा नाव. टीसीवर बापाचं नाव, आधारवर नवऱ्याचं, बँकेत तिसरंच. बायांनो, लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरचं नाव ठेवता येतं, आणि डिग्रीवर तेच असेल तर ते ठेवणंच सोयीचं. सासरचं लावायचं असेल तर मग सगळीकडे लावा. नवरा सोबत जाणार असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र लागतं. गावात त्याची नोंद ग्रामसेवकाकडे होते. पत्रिका आणि फोटो सगळ्यांकडे असतात, नोंद मात्र राहून गेलेली असते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. पासपोर्टवर एकच शब्द नाव असेल तर दुबई 2022 पासून भेटीचा व्हिसा देत नाही.

तिसरी जागा कंपनी. "घरून काम करा" म्हणणारी प्रत्येक कंपनी "परदेशातून करा" म्हणत नाही. तिला कराची आणि माहिती बाहेर जाण्याची काळजी असते. तसं परवानगीचं पत्र लेखी मिळाल्याशिवाय बाकी कशालाच पैसे घालू नका.

पासपोर्टचं काम आता सोपं झालंय. नांदेडला आणि लातूरला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ऑनलाइन अर्ज भरायचा, 36 पानांच्या पासपोर्टला 1,500 रुपये फी, तो दहा वर्षं चालतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला बहुतेक देश मागतात. तो पासपोर्ट कार्यालयाकडूनच मिळतो, फी 500 रुपये. दहावी पास असाल तर अर्जासोबत प्रमाणपत्र जोडाच. नाहीतर पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का येतो, आणि आखाती देशांत नोकरीला जाताना वेगळी सरकारी मंजुरी लागते. डिग्रीवर किंवा लग्नाच्या दाखल्यावर अपॉस्टिल मागितलं तर घाबरू नका. आधी राज्य सरकार आणि मग परराष्ट्र मंत्रालय, असे दोन शिक्के असतात. मंत्रालयाची फी कागदामागे 50 रुपये आहे. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्याला हिशेब विचारा.

ज्यांना तिकडचीच नोकरी हवी, त्यांचा रस्ता वेगळा. तो 1983 च्या उत्प्रवासन कायद्याचा. नोकरी लावून देणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला 30 हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. नोंदणी आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला आखाती देशात जायचं, तर बाईचं वय किमान 30 लागतं.

"कॉम्प्युटरवर काम, राहणं-खाणं फुकट, व्हिसाची कटकट नाही, थायलंडचं तिकीट आम्ही काढतो," असं कुणी म्हणालं तर पोराला घराबाहेर पाऊल टाकू देऊ नका. अशाच आमिषानं आपल्या देशातली मुलं थायलंडमार्गे म्यानमारला नेली गेली. तिथं त्यांना कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावली. मार्च 2025 मध्ये सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी 500 हून अधिक जणांना परत आणलं. ती शिकलेली मुलं होती, अडाणी नव्हती.

नंबर लिहून घ्या. परदेशी कामाबाबत विचारायला सरकारची फुकट मदतवाहिनी आहे, 1800 11 3090. ऑनलाइन पैसे गेले तर 1930, लगेच, त्याच दिवशी. आणि कुणाच्या घरात असा अर्ज भरायचं चाललं असेल, तर मुलीला पुढच्या बैठकीला सोबत आणा. पासबुक, टीसी आणि आधार घेऊन या. तिन्हीवरचं नाव जुळतं का, ते आधी पाहू.