फाल्गुनरावाच्या हातात कॅमेरा

बिंदास वाहिनीवर २००९ साली ‘इमोशनल अत्याचार’ सुरू झाला. जोडीदाराविषयी शंका आलेल्या तरुणाने किंवा तरुणीने वाहिनीकडे जायचं, वाहिनीने एक देखणं माणूस त्या बेसावध जोडीदाराच्या वाटेत सोडायचं आणि तो घसरतो का ते छुप्या कॅमेऱ्याने टिपायचं. या कार्यक्रमाचा चेहरा गंभीर होता. त्याची हसरी भावंडं प्रियकराची किंवा बायकोची फिरकी घेतात, खोटी सवत दारात उभी करतात. छुप्या कॅमेऱ्याच्या विनोदाला माझा सरसकट विरोध नाही. अमेरिकेत ॲलन फंट यांनी १९४८ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आणला, आपल्याकडे सायरस बरुचांनी ‘एमटीव्ही बकरा’त रस्त्यावरच्या माणसाला गोंधळात टाकलं. तिथे फसवणारा परका असतो. त्याच्यावर कोणी भरवसा टाकलेला नसतो. जोडीदाराच्या फिरकीत मात्र कटातला पहिला भागीदार घरचाच असतो.

आता यावर म्हणाल, संशयावर हसणं मराठी माणसाला नवं आहे का? नाहीच. नाटककार देवलांनी ‘फाल्गुनराव’ १८९३ मध्ये लिहिलं, पुढे त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं; मूळ धागा थेट मोलिएरपर्यंत जातो. पण तिथे हसं कोणाचं होतं ते पाहा. एका तसबिरीवरून बायकोवर आळ घेणाऱ्या फाल्गुनरावाचं. नवऱ्यावर नजर ठेवणारी कृत्तिकाही त्यातून सुटत नाही. वाहिनीने ही मांडणी उलटी केली. तिने फाल्गुनरावालाच कॅमेरा दिला, आणि हसं व्हायला उरला तो विश्वास ठेवणारा. आपल्या या जबलपुरात हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाईंनी जन्मभर लोकांना बोचकारलं, पण त्यांची नखं ढोंगावर आणि सत्तेवर चालली. कोणी कोणावर भाबडेपणाने भरवसा टाकला, एवढ्यासाठी नव्हे.

जबलपूर पडलं उच्च न्यायालयाचं गाव, तेव्हा कायद्याचा आक्षेप येणारच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण वैवाहिक वादात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. मग वाहिनीनेच काय पाप केलं? त्या निकालाचा आधार न्याय्य सुनावणीचा आहे. न्यायालयात समोरच्याला उलटतपासणी घेता येते, ध्वनिमुद्रण खरं की जुळवलेलं हे विचारता येतं. वाहिनीवर हे सगळं संकलकाच्या हाती.

दुसरा आक्षेप संमतीचा: प्रक्षेपणाआधी सही घेतात ना! घेत असतील. पण ती सही दिवे लागल्यावर, सगळे टाळ्या वाजवत असताना, त्याच जोडीदारासमोर मागितली, तर ‘नाही’ म्हणणारा लगेच रडीचा डाव खेळणारा ठरतो. फसवणूक तर तोवर होऊन गेलेली असते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, तेव्हा त्यांच्यासमोर आधार कार्ड आणि सरकार होतं. दिवाणखान्यातल्या फुलदाणीमागच्या भिंगाकडे आपण अजून गंमत म्हणूनच पाहतो.

राहिला तिसरा, सर्वांत चलाख आक्षेप: हे सगळं आधी लिहिलेलंच असतं, कोणी फसत नाही. तसं असेल तर मग फसतो तो प्रेक्षक. आणि खरंखुरं म्हणून विकायची गरज काय? संहिता लिहावी, नटांची नावं जाहिरातीत छापावी. देवलांच्या नाटकात आळ सोसणारी कृत्तिका पुढचा प्रवेश पाठ करूनच रंगमंचावर येत असे.