सुई टोचण्याआधीचं शास्त्र

डॉक्टर राउंडला येतात, केस पेपरवर औषध लिहितात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. फार्मसीतून औषध वॉर्डात येतं. पेशंटच्या शरीरात ते जातं मात्र नर्सच्या हातून. आधी कुठे गफलत झाली असेल, तर ती पकडण्याची शेवटची संधी तिला मिळते. तिची स्वतःची गफलत झाली, तर ती अडवायला पुढे कुणीच नसतं. म्हणून नर्सिंगच्या शिक्षणात औषधशास्त्राचं, आपण ज्याला फार्माकॉलॉजी म्हणतो त्या विषयाचं, मोल फार मोठं आहे.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना या विषयाची धास्ती वाटते. शेकडो नावं, मात्रा आणि दुष्परिणाम डोळ्यांसमोर येतात. मग घोकंपट्टी सुरू होते आणि परीक्षा संपली की सगळं विसरलं जातं. मला मनापासून सांगायचं आहे ते असं, की औषध शरीरात जाऊन काय करतं आणि शरीराबाहेर कसं पडतं, एवढं नीट समजून घेतलं की पेशंटच्या उशाशी उभं राहून काय पाहायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. दोन औषधं घेऊन हे सांगते.

पहिलं इन्सुलिन. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलीटरला ४० युनिट असतात. पेनमधल्या काडतुसात, आणि काही बाटल्यांतही, एका मिलिलीटरला १०० युनिट असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या येतात. लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. आता ऑर्डर आहे २० युनिटची. बाटली १०० ची आणि हातात आली लाल टोपणाची सिरिंज. २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं की सिरिंजमध्ये अर्धा मिलिलीटर येतं, म्हणजे ५० युनिट. अडीच पट मात्रा! उलट, ४० ची बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज घेतली, तर २० च्या खुणेला जेमतेम ८ युनिट जातील आणि साखर का उतरत नाही, हे कुणाला कळणार नाही. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचायचा, मगच सुई बाटलीत घालायची.

पण मात्रा बरोबर गेली म्हणून काम संपत नाही. त्वचेखाली दिलेलं साधं रेग्युलर इन्सुलिन सुमारे अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. सकाळी साडेसातला इंजेक्शन दिलं आणि पेशंटला सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलं, तर साडेनऊ-दहाच्या सुमारास साखर घसरणार. ज्या विद्यार्थिनीला हे कळलंय, ती इंजेक्शन देण्याआधी विचारेल, ‘यांचा नाश्ता कधी आहे?’ पेशंटला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, तो असंबद्ध बोलू लागला, की ती लगेच ग्लुकोमीटर आणेल. साखर ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून देईल, १५ मिनिटांनी पुन्हा तपासेल. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता डॉक्टरांना बोलावून शिरेतून डेक्स्ट्रोज देण्याची तयारी करेल. आणि तोच पेशंट बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असेल, तर धडधड आणि थरथर दबलेली राहू शकते, घाम मात्र येतो, हेही तिच्या ध्यानात असेल.

दुसरं औषध मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात तेव्हा ते आईचा जीव वाचवतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे त्यातून दिसलं. झटका आलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात हलवण्याआधी दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅमचा पहिला डोस एएनएमनेही द्यावा, अशी आपल्या देशातली मार्गदर्शक सूचना आहे. म्हणजे हे ज्ञान उपकेंद्रातल्या सिस्टरकडेही हवंच.

हे औषध मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश मंद करतं. प्रमाण वाढलं की आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, नंतर श्वास मंदावतो. आणि ते शरीराबाहेर पडतं मूत्रपिंडातून. एवढं कळलं की पुढचा डोस देण्याआधी काय तपासायचं ते समोरच येतं. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहायचं. श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का मोजायचं. लघवी तासाला किमान ३० मिलिलीटर होते आहे का बघायचं. यातलं एक जरी बिनसलं, तरी डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची अँपूल आधीपासून ट्रेमध्ये तयार ठेवायची.

विद्यार्थ्यांनो, प्रत्येक औषधाची अशीच ओळख करून घ्या. ते कशासाठी दिलंय? शरीरात काय करतं? बाहेर कुठून पडतं? देण्याआधी काय तपासायचं आणि दिल्यावर कशावर नजर ठेवायची? रोज ड्यूटीवर आपल्या पेशंटची दोन औषधं निवडा, वहीत या प्रश्नांची उत्तरं लिहा आणि पेशंटजवळ जाऊन ताडून पाहा. हिशेब कागदावर मांडा, आणि इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांसारखी जोखमीची औषधं असतील तर सहकाऱ्याकडून तपासून घ्या. ऑर्डरमधलं अक्षर लागत नसेल, तर अंदाज बांधू नका, विचारा. असं विचारण्यात कमीपणा नाही, ती तुमची जबाबदारी आहे.

आणि श्रोतेहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. दवाखान्यात सिस्टर इंजेक्शन देण्याआधी पुन्हा नाव विचारते, ‘कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’ असं विचारते, तेव्हा वैतागू नका. घरी चालू असलेल्या गोळ्या पाकिटासकट सोबत न्या आणि तिला दाखवा. काढे, चूर्णं घेत असाल तर तेही सांगा. तुम्ही दिलेली माहिती आणि तिचं ज्ञान, दोन्ही एकत्र आली तरच तुमचं औषध सुरक्षित होतं.