आगकाड्यांची मौज : दादासाहेब फाळके यांचे छोटे चित्रपट

(नाशिक येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो झळकला आणि या देशातील कथाचित्रपटाचा पाया घातला गेला. हा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे. आज मी बोलणार आहे ते दादासाहेबांच्या चिमुकल्या चित्रपटांविषयी. वाटाण्याचा दाणा आणि आगपेटीतील काड्या ही त्यांतील पात्रे होत. चरित्रकार त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतात. पण दादासाहेबांच्या कर्तृत्वाचे मर्म मला या छोट्या प्रयोगांत दिसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी येथून जवळच, त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, छपाई आणि जादूचे प्रयोग अशा नाना विद्या त्यांनी हस्तगत केल्या. अनेक धंदे केले, अनेक सोडले. वयाच्या चाळिशीत ते चलच्चित्राकडे वळले, तेव्हा या सर्व विद्यांचा एकाच ठिकाणी संगम झाला.

१९१२ साली लंडनहून कॅमेरा व इतर सामग्री आणल्यावर त्यांच्यापुढे भांडवलाचा प्रश्न उभा राहिला. या नव्या धंद्यावर विश्वास ठेवून पैसा कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि सुमारे महिनाभर त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. दाणा फुटतो, अंकुर वर येतो आणि बघता बघता वेल चढू लागतो, असे मिनिटभराचे दृश्य तयार झाले. 'अंकुराची वाढ' हे ते चित्र. ते पाहून कर्ज देणारे पुढे आले. शेतकऱ्याच्या घरी ज्या दाण्याचे कुणाला नवल वाटत नाही, त्या दाण्याने एका उद्योगाला भांडवल मिळवून दिले!

या कामाला किती चिकाटी लागते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारणतः सोळा चौकटी पडद्यावरून सरकत. म्हणजे एका मिनिटाला नऊशे साठ चौकटी झाल्या. महिनाभरात त्या पुऱ्या करायच्या तर रोज सरासरी बत्तीस वेळा चित्र घ्यावे लागेल. त्या काळात कुंडी हलता कामा नये, कॅमेरा सरकता कामा नये आणि उजेडही फारसा बदलता कामा नये. येथे पैसा थोडा लागतो, पण मन फार लावावे लागते.

१९१३ मध्ये दादासाहेबांनी आपला संसार आणि कारखाना नाशिकला हलविला. 'मोहिनी भस्मासुर' येथेच तयार झाला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी त्यात भूमिका केल्या. स्त्रियांनी पडद्यावर येण्याचा प्रघात आपल्याकडे नाशिकमध्ये पडला, ही या नगरीला भूषणावह गोष्ट होय. पुढे १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि भांडवलाचे झरे आटले. मोठे चित्र हाती घेणे अशक्य झाले. अशा वेळी हात बांधून न बसता दादासाहेबांनी छोटी छोटी चित्रे काढण्याचा सपाटा लावला. १९१५ च्या सुमारास तयार झालेली 'आगकाड्यांची मौज' ही त्यांपैकीच एक.

तिची पद्धत सांगायला सोपी आणि करायला कठीण आहे. काड्या मांडावयाच्या, एक चौकट टिपावयाची, काड्या किंचित सरकवावयाच्या आणि पुन्हा एक चौकट टिपावयाची. पडद्यावर पाहताना काड्या आपल्या आपण चालू लागल्याचा भास होतो. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली अशाच काड्या नाचविल्या होत्या. 'प्रोफेसर केळफा' हे नाव धारण करून दादासाहेबांनी जादूचे प्रयोगही चित्रित केले. फाळके हे नाव उलटसुलट करून पाहा, म्हणजे या प्रोफेसरांची ओळख पटेल!

या खेळांना पोरखेळ म्हणता येणार नाही. कॅमेरा कोठे थांबवावा, कोठे पुन्हा सुरू करावा आणि डोळ्याला कसे चकवावे, याचा सराव त्यांत होत होता. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म' चित्रपटात कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाताना दिसते. ती किमया याच हातांची होती. आणि हे हात एकट्या दादासाहेबांचे नव्हते. सरस्वतीबाई फाळके यांनी कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडली, ती धुण्याच्या कामात हातभार लावला, कलावंतांसाठी स्वयंपाक केला आणि आपले दागिनेही दिले. त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. कारखाना आणि घर यांत भिंत नव्हती.

आज 'आगकाड्यांची मौज' उपलब्ध नाही. तिचे केवळ नाव उरले आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई आणि नीट न ठेवल्यास कुजून जाई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निवर्तले होते. मधल्या वीस वर्षांत, आणि त्यापूर्वीही, काय काय नष्ट झाले असेल याची कल्पना करवत नाही. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारकही उभे राहिले. मात्र गौरवाला जतनाची जोड वेळेवर मिळाली नाही, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून दोन विनंत्या करतो. शिक्षकांनी बीजांकुरणाचा धडा शिकविताना वर्गाच्या खिडकीत एक कुंडी ठेवावी. समोर मोबाइल फोन पक्का बसवावा आणि विद्यार्थ्यांकडून रोज ठराविक वेळी चित्रे टिपून घ्यावीत. ज्या साधनासाठी दादासाहेबांना लंडन गाठावे लागले, ते आज अनेक घरांत आहे. अशा उपक्रमाचा वेळ वाया गेला, असे कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने समजू नये. दुसरी विनंती पंचायत सदस्यांना. शाळेच्या व पंचायतीच्या कपाटांत जुनी छायाचित्रे, काचेच्या निगेटिव्ह किंवा फिल्मची रिळे असतील, तर ती रद्दीत काढण्यापूर्वी जाणकारास दाखवावीत. आज क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूत उद्याचा इतिहास असू शकतो. काड्यांच्या त्या चित्राची रिळे ज्या कोणाच्या हाती शेवटी होती, त्यालाही ती क्षुल्लकच वाटली असतील.