आतड्याची तक्रार आणि औषधाचा विवेक



पोट दुखते, शौचाचा नेम बिघडतो. कधी जुलाब, तर कधी बद्धकोष्ठ. तपासणीत मात्र ना व्रण सापडतो, ना गाठ. या विकाराला वैद्यकशास्त्र ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणते. तो जीव घेत नाही. पण प्रवास, नोकरी, लग्नकार्य सारेच अवघड करून टाकतो. म्हणून रुग्ण औषधासाठी आतुर असतो आणि नेमका तेथेच विवेक सुटतो.

शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असते. आतड्यांच्या हालचालीचे ते एक प्रमुख सूत्रधार. त्याच्या कार्यावर प्रभाव टाकणारी औषधे निघाली तेव्हा मोठ्या आशा पल्लवित झाल्या. जठराची गती वाढविणाऱ्या सिसाप्राइडने काही रुग्णांच्या हृदयाची लय बिघडली, मृत्यूही ओढवले. एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतल्यास हा धोका वाढे. अमेरिकेत २००० साली त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. भारतात बंदी येण्यास २०११ साल उजाडले. बद्धकोष्ठावरील टेगासेरोड अमेरिकेत २००७ साली थांबविले गेले. भारतात त्यावरही २०११ सालीच बंदी आली. जुलाबावरील अलोसेट्रॉनमुळे काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठा खंडित झाला. ते २००० साली मागे घेतले गेले. परंतु रुग्णांच्याच आग्रहामुळे २००२ साली कडक अटींसह परत आले.

या इतिहासाचा बोध दुहेरी आहे. विकार प्राणघातक नसेल, तर त्यावरील औषधाच्या सुरक्षिततेची कसोटी अधिक कठोर हवी. त्याचबरोबर ‘हे सारे मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाची वेदना झटकून टाकणेही अन्यायच होय.

साधे उपाय आजही निरुपयोगी ठरलेले नाहीत. गुजरातेत पिकणारा इसबगोल भरपूर पाण्यासह घेतल्यास अनेकांना गुण येतो. पोटातील कळांसाठी मेबेव्हेरिनसारखी औषधे दिली जातात. नैराश्यावरील अमिट्रिप्टिलिन अल्प मात्रेत या विकारातही उपयोगी पडते, हे इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार ही लक्षणे दिसताच तपासणी अटळ समजावी. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी दुकानातून परस्पर आणणे हा उपचार नव्हे. जुनी चिठ्ठी पुन्हा दुकानदारापुढे धरण्याआधी ती डॉक्टरांपुढे ठेवावी आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव त्यांना सांगावे. कुटुंबाने एवढा नियम पाळला, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.