परग्रहवासी स्मरणात का राहतात?

दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ पाहिलेल्या पिढीला त्यातील कथानक आठवो न आठवो, खलपुरुष मात्र हमखास आठवतो. आणि यावरून असे अनुमान निघते, की विज्ञानमालिकेतील परका जीव मनावर ठसतो तो कथेच्या चातुर्यापेक्षा स्वतःच्या लकबीमुळे.

१९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतील स्पॉक पाहा. टोकदार कान ही त्याची वरपांगी ओळख. परंतु भावनांना रजा देऊन केवळ तर्काचा हुकूम मानण्याची त्याच्या व्हल्कन वंशाची वृत्ती, आणि चार बोटांची दोन-दोनांत फाळणी करून अभिवादन करण्याची ती रीत, जी नट लेनर्ड निमॉय यांनी बालपणी पाहिलेल्या यहुदी पुरोहितांच्या आशीर्वादमुद्रेवरून उचलली, यांच्या योगे त्या एकट्या पात्रामागे अखंड समाज आपल्या आचारविचारांसह उभा असल्याचा प्रत्यय येतो.

ब्रिटिशांच्या ‘डॉक्टर हू’मध्ये १९६३ साली अवतरलेले डालेक याच्या अगदी उलट: त्यांना ना चेहरा, ना पाय, आत नट बसलेला आहे याचा संशयही येऊ नये, अशीच ती तजवीज होती. मला स्वतःला ते अधिक भयप्रद वाटतात.

राहिले ‘स्टार ट्रेक’मधीलच दुसरे परग्रहवासी, क्लिंगॉन. त्यांच्या कपाळावरचे सुप्रसिद्ध कंगोरे त्या मालिकेवरील १९७९ च्या चित्रपटात आले. पुढे भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी त्यांची भाषा व्याकरणासह रचली, तिचा कोश १९८५ साली छापला गेला, आणि हौशी मंडळी आज ती चक्क बोलतात.