ताठ पाठीची सायकल

यंत्राचे सुधारलेले रूप आले की जुने रूप मागे पडते, हा सर्वसाधारण नियम होय. वाफेच्या इंजिनाची जागा विजेच्या इंजिनाने घेतली, तेव्हा प्रवाशांनी त्याबद्दल फारशी हळहळ केली नाही. तथापि काही यंत्रे या नियमाला अपवाद ठरतात. त्यांच्याहून अधिक वेगवान आणि अधिक सुखकर रूप बाजारात आलेले असते, ते परवडतही असते, आणि तरीही जाणती माणसे समजून-उमजून जुन्या रूपाकडे वळतात. डोंगरवाटांवर चालविली जाणारी ‘हार्डटेल’ सायकल हे अशा यंत्राचे एक चांगले उदाहरण आहे.

‘हार्डटेल’ म्हणजे मागून ताठ असलेली सायकल. हिच्या पुढच्या चाकाच्या चिमट्यात धक्के शोषून घेणारी हवेची किंवा तारेची स्प्रिंग असते. मागचे चाक मात्र सांगाड्याला थेट जखडलेले असते. दोन्ही चाकांना अशी स्प्रिंग असलेल्या सायकलला ‘फुल सस्पेन्शन’ म्हणतात. आपल्याकडे दुधाच्या किटल्या वाहणारी काळी सायकल मागून ताठच असे. परंतु तिला कोणी तसे म्हटले नाही, कारण तुलनेला दुसरा प्रकार समोर नव्हता. सायकलींमध्ये हे नाव रूढ झाले ते दुसरी, मऊ पाठीची सायकल आल्यानंतर.

या सायकलीचे घराणे फार जुने नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, टमालपायस पर्वताच्या परिसरात, १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. या सायकली बहुधा १९३० ते १९५० या काळातील, श्विन कंपनीच्या आणि मुळात लहान मुलांसाठी बनविलेल्या होत्या. भंगारात त्या थोड्या पैशांत मिळत. ही मंडळी त्यांचे मडगार्ड, स्टँड आणि इतर अनावश्यक भाग काढून टाकीत, आणि उरलेल्या सांगाड्याला हाताला येतील ते मजबूत भाग जोडीत. फेअरफॅक्स या गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत तो रस्ता जवळजवळ १३०० फूट खाली येई. त्या सायकलींचा ब्रेक पायडल उलटे दाबले की मागच्या हबमध्ये लागत असे. एका उतारातच हब इतका तापे, की आतील ग्रीसचा धूर होऊन जाई आणि हब खोलून नव्याने ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला ‘रिपॅक’ म्हणतात. त्या उताराचे आणि शर्यतीचे नाव तेच पडले. ज्याला उतरायचे, त्याने आधी हब खोलायला शिकले पाहिजे, अशी ही परंपरा प्रारंभापासून आहे.

या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी नवा सांगाडा घडविला. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या नळ्यांचा हा सांगाडा होता. त्याची ती पहिली सायकल आज वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पुढे १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेले सांगाडे विकण्यास आरंभ केला, आणि १९८१ मध्ये जपानात मोठ्या संख्येने तयार झालेली ‘स्टंपजंपर’ अमेरिकेच्या दुकानांत आली. या साऱ्या सायकली दोन्ही बाजूंनी ताठ होत्या. पुढच्या चिमट्यातील स्प्रिंग १९९० च्या सुमारास बाजारात आली, त्यानंतर मागची. १९९६ साली या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या अंतिम शर्यतीत चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी दोन्ही बाजूंनी मऊ असलेल्या सायकलवर होता आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर हार्डटेलवर. कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. शर्यतीच्या जगात वारे कोणत्या दिशेने वाहत आहे, हे त्या एका सेकंदाने सांगितले.

वेगाच्या हिशोबात खडकाळ उतारावर मऊ सायकल सरस ठरते, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. मागचे चाक दगडावर आपटले की स्प्रिंग तो धक्का गिळते आणि टायर जमिनीला चिकटून राहतो. हार्डटेलवर तोच धक्का पायांत, गुडघ्यांत आणि कमरेत येतो. मागचे चाक उडते, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो. असे असताना माणसे तिच्याकडे का वळतात?

याचे पहिले उत्तर चालविण्यात आहे. हार्डटेलवर स्वाराचे पाय हीच मागची स्प्रिंग असते. उतारावर तो सीटवर बसत नाही; दोन्ही पायडले समपातळीत ठेवून उभा राहतो, गुडघे आणि कोपरे सैल सोडतो आणि सायकलला अंगाखाली हलू देतो. दगड येण्यापूर्वी तो शरीर किंचित खाली दाबतो आणि दगडावर येताच हलके करतो. कोणत्या दोन दगडांमधून चाक न्यावयाचे, कोणते मूळ टाळावयाचे आणि कोणते तिरपे न ओलांडता सरळ ओलांडावयाचे, हा निर्णय त्याला दर क्षणी करावा लागतो. मऊ सायकल चुकीच्या निर्णयावर पांघरूण घालते. ताठ सायकल त्या चुकीची नोंद तत्काळ टाचेपाशी करते. म्हणूनच अनेक अनुभवी शिक्षक नवशिक्याला प्रथम हार्डटेल घेण्यास सांगतात. आणि म्हणूनच साधीशी वाटही तिच्यावर नीरस होत नाही. चढावर तिचा दुसरा गुण दिसतो. पायाने दिलेला जोर स्प्रिंग दबण्यात खर्च होत नाही, साखळीतून थेट चाकात जातो.

तिच्या घडणीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. मऊ सायकल दबते तेव्हा पुढून आणि मागून जवळजवळ सारखीच खाली जाते. हार्डटेल फक्त पुढून दबते. त्यामुळे चिमट्याचा जमिनीशी असलेला कोन बदलतो. स्प्रिंग सुमारे २० मिलिमीटर दबली की हा कोन अंदाजे एक अंशाने उभा होतो. तीव्र उतारावर कोन उभा झाला की स्वार हँडलावरून पुढे फेकला जाण्याचा धोका वाढतो. १९९० नंतरच्या दशकात हा कोन बहुधा ७१ अंशांच्या आसपास ठेवीत. आज उतारासाठी बांधलेल्या हार्डटेलमध्ये तो ६५ अंशांच्या जवळपास असतो. सांगाडा बांधणारा कारागीर सायकल स्थिर उभी असतानाचा कोन न धरता स्वार वर बसल्यानंतरचा आणि स्प्रिंग दबल्यानंतरचा कोन मनात धरून नळ्या कापतो.

दुसरे उत्तर या घडविण्यातच आहे. मऊ सायकलच्या मागच्या भागात सांधे, बेअरिंगे आणि तेल-हवेचा धक्काशोषक यांचे जाळे असते. घरच्या कार्यशाळेत ते घडविणे फार कठीण. हार्डटेलचा सांगाडा म्हणजे दोन त्रिकोण. पोलादाच्या नळ्या, कानशी, पितळ वितळविणारी ज्योत, नळ्या सरळ धरणारा साचा आणि पुरेसा धीर एवढ्यांवर तो उभा राहतो. नळीचे तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फटीविना बसेल असे कानशीने घासावे लागते. कारण पितळ पोकळी भरून काढील, पण त्या जागी बळ देणार नाही. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. आजही चांगल्या सांगाड्याची नळी टोकाशी ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर जाड असू शकते. सांधा जेथे पडतो तेथे धातू अधिक, जेथे ताण कमी तेथे धातू कमी, असा हा विचार आहे.

पोलादाचा सांगाडा धक्के पिऊन टाकतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यात तथ्य थोडे आणि भक्ती अधिक आहे. दोन त्रिकोणांचा सांगाडा उभ्या दिशेने फारच थोडा वाकतो. मागच्या बाजूचा खरा मऊपणा अडीच इंच रुंदीच्या आणि कमी हवेच्या टायरातून येतो. पोलादाचा खरा गुण निराळा आहे. ते मोडण्यापूर्वी बहुधा वाकते किंवा तडकून इशारा देते, आणि साध्या वेल्डरकडेही त्याची दुरुस्ती होऊ शकते.

ज्याला सांगाडा बांधणे शक्य नसते, तो निदान चाक बांधतो. बत्तीस तारा, प्रत्येक तार इतर तीन तारांना ओलांडून जाणारी, आणि टोकाशी पितळी निपल. निपलला पाव फेरा दिला की रिम केसाएवढी सरकते. चाकाचा ‘आऊट काढणे’ हे आपल्याकडच्या सायकल-दुकानातले काम ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला यातील आनंद निराळा सांगावयास नको.

परंतु या आनंदावर एक सावट आहे. मागच्या हबची रुंदी पूर्वी १३५ मिलिमीटर असे; ती १४२ झाली, मग १४८. चाकाचा व्यास २६ इंचांवरून साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांवर गेला. यातील काही बदलांना सबळ कारणे होती. परिणाम मात्र असा झाला, की वीस वर्षांपूर्वीच्या धडधाकट सांगाड्याला आजच्या दुकानातील चांगले चाक बसत नाही. भंगारातील सायकलींतून जन्मलेल्या या खेळात सुस्थितीतील सायकल भंगारात जावी, हा विरोधाभास होय. जुने सुटे भाग जपून ठेवणारा घरगुती कारागीर छंदाबरोबरच आपल्या वस्तूवरील आपला हक्कही जपत असतो.

दुसरा प्रश्न वाटांचा आहे. ज्या मरीन परगण्यात हा खेळ वाढला, तेथेच पदयात्री आणि घोडेस्वार यांच्या तक्रारींमुळे अनेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि रुंद वाटांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. अमेरिकेच्या १९६४ च्या अरण्य-संरक्षण कायद्यात यांत्रिक वाहतुकीला मनाई आहे, आणि १९८४ पासून तेथील वनखात्याच्या नियमांत सायकलीचाही त्यात स्पष्ट समावेश झाला. भरधाव उतरणाऱ्या सायकलसमोर एखादी वृद्ध व्यक्ती आली, तर तिचे भय खोटे म्हणता येत नाही. पावसाने भिजलेल्या वाटेवर चाकांनी पाडलेल्या चऱ्याही खोट्या नसतात. यातून मार्ग काढला तो कुदळ-फावडे हाती घेणाऱ्या स्वारांनी. १९८८ साली कॅलिफोर्नियातील स्वारांच्या मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली. वाटेवरचे पाणी बाजूला काढणे, खचलेल्या कडा बांधणे आणि पायी चालणाऱ्याला वाट देणे यांची शिकवण तिने दिली. वाट वापरणाऱ्याने वाट राखलीही पाहिजे, हे तत्त्व हब खोलून ग्रीस भरण्याच्या जुन्या परंपरेशी सुसंगतच आहे.

एवंच, ताठ पाठीच्या सायकलचे आकर्षण गतकाळाच्या ओढीने पुरते उलगडत नाही. तिच्यात जे काही आहे ते डोळ्यांना दिसते, हातांना समजते आणि बिघडल्यास बहुधा घरीच दुरुस्त होते. सुख ती थोडे कमी देते. त्या मोबदल्यात आपल्या शरीराचे, आपल्या निर्णयाचे आणि आपल्या हत्यारांचे मोल स्वाराला कळू लागते. ज्या काळात वापरातील बहुतेक वस्तू आतून कशा चालतात हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते, त्या काळात पूर्णपणे समजलेली एक तरी वस्तू घरात असावी असे अनेकांना वाटते. दोन त्रिकोण, दोन चाके आणि एक साखळी यांत ती इच्छा पुरी होते.