सॉलिसिटरच्या ऑफिसात अर्ज करताना

मागच्या खेपेला आपण बँकेच्या कर्जाचे कागद सही करण्याआधी कसे वाचायचे ते बघितलं. आज एका अर्जाची हकिगत सांगणार आहोत. मुंबईला फोर्टमध्ये वकिलांची मोठमोठी ऑफिसं आहेत, लॉ फर्म म्हणतात त्यांना. तिथं शिकाऊ म्हणून लागण्यासाठी केलेला अर्ज. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? पण आपल्या पोरी आता एलएल.बी. करायला लागल्यात. करून झाल्यावर पुढं काय, हे ना घरच्यांना ठाऊक असतं, ना आम्हाला होतं.

आमच्या गटातल्या एका ताईंची ही लेक. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. बी.ए. झाली, मग जिल्ह्याच्या कॉलेजात तीन वर्षं एस.टी.नं जाऊन-येऊन वकिलीचं शिक्षण घेतलं. तालुक्याच्या कोर्टात कुणाच्या तरी हाताखाली बसेल, असं सगळ्यांनी धरलेलं. तिच्या मनात मात्र मुंबईच्या सॉलिसिटरकडं शिकायचं होतं.

सॉलिसिटर म्हणजे काय, ते आधी सांगतो. कोर्टात उभा राहून बोलणारा वकील आपण बघितलेला असतो. सॉलिसिटरचं बरंचसं काम कागदाचं. करार तयार करायचे, जमिनीचे आणि फ्लॅटचे दस्त तपासायचे, नोटिसा काढायच्या, दाव्याची कागदपत्रं उभी करायची. मुंबई हायकोर्टात पूर्वी कागद करणारा वेगळा आणि कोर्टात बोलणारा वेगळा, अशी कायद्यानंच वाटणी होती. ती १९७७ सालापासून गेली, पण सॉलिसिटर या नावाचा मान मुंबईत राहिला. त्याची परीक्षा बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते, ही संस्था १८९४ सालची. सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं काम करायचं, त्याला आर्टिकलशिप म्हणतात, आणि परीक्षा द्यायची. परीक्षा अवघड समजली जाते. मात्र लॉ फर्ममध्ये नोकरी करायला सॉलिसिटर असावंच लागतं असं नाही. वकिलीची सनद असली तरी काम मिळतं, आणि ज्याला पुढं जायचंय तो आर्टिकलशिप करतो.

सनदेवरून आठवलं. वकील म्हणून नाव नोंदवायला पूर्वी ठिकठिकाणी हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की कायद्यात लिहिलेत तेवढेच घ्यायचे: ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५. हा आकडा लिहून ठेवा. पैशाअभावी सनद अडलेली एखादी पोर तुमच्याही गावात असेल.

तर अर्ज. पहिला अर्ज आम्ही सगळ्यांनी मिळून बिघडवला, हे कबूल करतो. तालुक्याच्या नेट कॅफेतल्या पोरानं त्याच्याकडचा तयार बायोडाटा काढला आणि त्यात हिचं नाव घातलं. कष्टाळू, प्रामाणिक, मिळून मिसळून काम करणारी, अशी चार वाक्यं इंग्रजीत. छंद म्हणून प्रवास. आता ही पोर पंढरपूरच्या पलीकडं कधी गेली नव्हती! वर ‘डिअर सर’. त्यातल्या निम्म्या ठिकाणी बघणाऱ्या बाईच होत्या, हे नंतर वेबसाइटवर फोटो बघितल्यावर कळलं. आणि कळस म्हणजे अकरा फर्मना एकच ईमेल एकदम गेला, सगळ्यांचे पत्ते एकाच रांगेत. प्रत्येकाला दिसलं की बाकी दहाजणांनाही हेच पाठवलंय.

तिनं विचारलं होतं, “गटाचं काम लिहू का?” आम्हीच म्हटलं, “नको गं, मुंबईच्या साहेबांपुढं बचत गटाचं काय सांगायचं?” आमच्यातल्याच एकीनं वर जोड दिली, “आई रोजगाराला जाते हे तर मुळीच नको.” पोरीनं ऐकलं. वर्षानुवर्षं आपण बायकांना सांगत आलो की गटाची लाज वाटू देऊ नका, बँकेत मान वर करून जा. आणि पोरीला सांगितलं काय, तर लपव.

दोन महिने झाले, एकाचंही उत्तर नाही. घरात सोयरिकीची बोलणी सुरू झाली. आई आमच्याकडं येऊन बसायची, बोलायची काही नाही.

तालुका विधी सेवा समितीकडून आपल्याकडं माहिती द्यायला एक वकील ताई येतात. त्याच त्या, ज्यांनी आपल्याला सांगितलं होतं की १९८७ च्या कायद्यानं बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांना तो बायोडाटा दाखवला. त्यांनी वाचला, पालथा घातला आणि पोरीला विचारलं, “यात तू कुठं आहेस? गेल्या चार वर्षांत तू हातानं काय केलंस ते सांग.”

मग ती सांगायला लागली. गटाचं इतिवृत्त तीच लिहायची. बँकेचा करारनामा बायकांना मराठीत समजावून द्यायची. वारसनोंदीचे अर्ज भरून द्यायची. नवऱ्याबरोबर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं म्हणून आपण तलाठी कार्यालयात खेटे घातले, लक्ष्मी मुक्तीचं ते १९९२ सालचं परिपत्रक, त्यासाठी गावातले जुने फेरफार तिनंच बसून वाचले होते. वकील ताई म्हणाल्या, “अगं, मुंबईतले सॉलिसिटर याच कामाचे पैसे घेतात.”

आम्हाला वाटलं, ताई पोरीचं मन राखायला बोलतायत. तसं नव्हतं. जमीन घ्यायची असली की घेणारा आधी वकिलाकडून टायटल सर्च करून घेतो, म्हणजे विकणाऱ्याची मालकी खरी आहे का याचा शोध. साधारण तीस वर्षं मागं जायचं. सातबारा, गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, आठ-अ, रजिस्टर ऑफिसातली सूची क्रमांक दोन. हे सगळं मराठीत, जुनं तर हातानं लिहिलेलं, त्यात तलाठ्याचं अक्षर. इंग्रजी शाळेतून आलेली हुशार मुलंही तिथं अडतात. आपल्या पोरीला ते पाणी होतं.

दुसरा अर्ज तिनं स्वतः लिहिला. इंग्रजी वकील ताईंनी तपासलं, पण वाक्यं तिचीच. एक पानाचं पत्र, ज्यांना पाठवायचं त्यांचं नाव घालून, ती फर्म काय काम करते ते वाचून, प्रत्येकाला वेगळं. आम्ही मराठीतून वाचायला लावलं तेव्हा त्यात असं होतं: ‘मी बारा महिलांच्या बचत गटाचे दप्तर सहा वर्षे लिहीत आहे. हस्तलिखित फेरफार मी वाचू शकते. आमच्या गावातील नऊ महिलांची नावे सातबाऱ्यावर लावण्याचे अर्ज मी तयार केले. त्यातील दोन फेटाळले गेले, त्याची कारणे मी सांगू शकते.’ फेटाळलेले दोन कशाला लिहायचे, म्हणून आम्ही वाद घातला. ती म्हणाली, “ते दोनच तर विचारतील.”

यावेळी सहा ठिकाणी पाठवले. दोघांनी नाही म्हणून तरी कळवलं, एकीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीची तयारी गटाच्या खोलीत केली. आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत सांगायची. आम्हाला कळायचं थोडंच, पण कुठं अडखळते ते ऐकू यायचं. अडखळली की एक आजी म्हणायच्या, “पुन्हा म्हण.”

मुंबईला तिच्यासोबत आईच गेली. ऑफिसखाली फुटपाथवर पिशवी घेऊन बसून राहिली, लिफ्टनं वर काही गेली नाही. वर दोन बाई होत्या. पहिल्यांदा शिक्षणाचं विचारलं, इंग्रजीत. मग रायगडकडच्या एका जुन्या फेरफाराची झेरॉक्स पुढं ठेवली आणि म्हणाल्या, “वाचून काय दिसतं ते सांगा, मराठीत सांगितलं तरी चालेल.”

त्यात बाप वारल्यावर दोन भाऊ आणि तीन बहिणींची नावं लागली होती. पुढच्या नोंदीत तिन्ही बहिणींची नावं कमी. शेरा होता, ‘जबाबावरून हक्क सोडला’. पोरीनं विचारलं, “हक्कसोड पत्र नोंदवलेलं आहे का? शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. इथं नुसता जबाब दिसतोय. उद्या बहिणी उभ्या राहिल्या तर?” त्या दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. कारण फेरफाराची नोंद ही सरकारी वसुलीसाठीची, नुसत्या नोंदीनं मालकी येत नाही की जात नाही, हे कोर्टांनी कितीदा सांगितलंय. जमीन घेणाऱ्याला तिथंच धोका असतो.

हे ऐकताना आम्हाला कॉर्नेलिया सोराबजी आठवल्या. नाशिकला १८६६ साली जन्मलेली बाई. १८९२ ला ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी हातात पडली १९२२ ला. आपल्या देशात बायकांना वकिली करायची मोकळीक कायद्यानं दिली १९२३ साली. आणि त्या बाईंनी मधली सगळी वर्षं काय केलं, तर पडद्यात राहणाऱ्या बायकांच्या इस्टेटीचे कागद सांभाळले.

असो. पोरीला घेतलं. पण पगार म्हणजे विद्यावेतन, महिना पंधरा हजार. नव्या वकिलांना शहरात वीस आणि गावाकडं पंधरा हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ ला सुचवलंय, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. मावशी डोंबिवलीला, तिथं राहायचं ठरलं. तरी पास, जेवण, दोन बरे कपडे, काळा कोट, आणि पहिला महिना हातात काहीच नाही. तीस हजार लागणार होते.

गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला तेव्हा सरळ दोन तट पडले. एक ताई म्हणाल्या, “गटाचा पैसा म्हशीला, शिलाई मशीनला. म्हैस दूध देते. मुंबईला गेलेली पोर लग्न करून तिकडंच राहिली तर हप्ता कोण भरणार?” खोटं नव्हतं त्यांचं. त्यांचीच लेक बाळंतपणात सासरी अडकली आणि तिच्या नावचं कर्ज त्यांनी स्वतः फेडलं होतं. दीड तास बैठक चालली. शेवटी शेकडा एक रुपया व्याजानं, दोन टप्प्यांत द्यायचं ठरलं, आणि आईनं जामीन राहायचं. विरोध करणाऱ्या ताईंनी इतिवृत्तात आपला विरोध लिहून घ्यायला लावला. लिहिला. पोरीनंच लिहिला, तेवढं दप्तर पुरं करूनच ती गेली.

आता तिला आठ महिने झालेत. हप्ते आजवर एकदाही चुकले नाहीत. आर्टिकलशिपची नोंद झाली, परीक्षेचं पुस्तक लोकलमध्ये वाचते म्हणाली, उभ्यानं.

परवा बैठक संपल्यावर तिची आई मागं थांबली. सतरंजी घडी करत हळूच म्हणाली, “ताई, माझा बाप वारला तेव्हा भावानं तलाठ्याकडं नेलं होतं. अंगठा दिला मी. तो जबाब होता का हक्कसोड पत्र, ते बघता येईल का?” आम्ही विचारलं, पोरीला सांगितलंस का? म्हणाली, “अजून नाही. आधी कागद बघू.”

माहेरच्या गावच्या फेरफारांच्या नकलांसाठी सोमवारी अर्ज दिलाय.